फसवून झाल्यावरचा फोन

तुम्ही नोकरीत नेमकं काय करायच्या, असं कोणी विचारलं की मी सांगते, लोकांना फसवून झालं की त्यांना ‘चालेल ना?’ असं विचारायचे. समोरचा आधी हसतो, मग माझ्याकडे जरा संशयानं पाहतो. दोन्हीची मला सवय आहे.

आधी मी टेलिफोन खात्यात होते. ट्रंक कॉल जोडून देणारी ऑपरेटर. पुढे लोकांचे फोन आपोआप जोडले जाऊ लागले आणि आम्ही बिनकामाच्या झालो, तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले. घरी बसणं मला जमलं नाही. माझ्या घरच्यांनाही ते फारसं जमलं नाही. त्याच सुमाराला आमच्याकडे खासगी एफ.एम. रेडिओ आला. एक केंद्र अकोल्यात, एक अमरावतीत, आणि सकाळचा कार्यक्रम दोन्ही शहरांत एकच. त्यात रोज एक गमतीचा फोन असायचा. मंगेश नावाचा निवेदक कोणाचं तरी सोंग घेऊन एखाद्या बेसावध माणसाला फोन लावायचा, त्याला पुरता गोत्यात आणायचा आणि शेवटी ‘अहो, मी रेडिओवाला मंगेश’ म्हणून मोकळा व्हायचा.

पुष्कळांना वाटायचं की हा फोन त्याच वेळी रेडिओवर ऐकू येतो. तसं नव्हतं. फोन दुपारी रेकॉर्ड करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाजवायचा. मधल्या वेळात फसलेल्या माणसाची परवानगी घ्यायची. ती नसेल तर वाजवायचा नाही. परवानगी मागायला स्टेशनला एक पोक्त, घरगुती आवाज हवा होता. मुलाखतीत मला म्हणाले, काही बोलून दाखवा. मी म्हटलं, “नमस्कार, अकोल्याहून बोलतेय, एक मिनिट लाइनवर राहा.” नोकरी मिळाली. स्टेशनातली सगळी पोरंपोरी पंचविशीच्या आतली. मी सगळ्यांची काकू झाले.

या धंद्यात एक मुळातलीच अडचण आहे. आधी विचारलं तर माणूस फसत नाही, आणि न विचारता फसवलं तर ते बरोबर नाही. म्हणून आधी फसवायचं आणि मग विचारायचं, असा मधला मार्ग. कायद्यात गमतीच्या फोनांचं वेगळं कलम असल्याचं मला तरी कोणी दाखवलं नाही. स्टेशनच्या परवान्यातल्या अटी होत्या, कोणाची बदनामी नको, अश्लील नको वगैरे. पोलिसाचं किंवा सरकारी माणसाचं सोंग घेणं हा तर सरळ गुन्हाच. बाकी सगळं आमच्या अकलेवर सोडलेलं होतं. आता रेडिओ स्टेशनात सकाळी सहाला किती अक्कल जागी असते, हे मला विचारू नका.

मी माझ्यापुरते दोन शब्द करून घेतले होते, कच्चा हो आणि पक्का हो. मंगेशनं खरं सांगितलं की माणूस आधी हबकतो, मग सुटलो म्हणून हसतो आणि त्या हसण्याच्या भरात ‘वाजवा, वाजवा’ म्हणतो. तो कच्चा हो. तेवढ्यावर स्टेशनचं काम भागत होतं. माझं भागायचं नाही. माणूस घरी जातो, बायकोला सांगतो, जेवतो, रात्री कूस बदलताना आपण फोनवर काय काय बोललो ते आठवतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा फोन करायचे. तेव्हाही हो म्हणाला तर तो पक्का. वरणासारखंच आहे हे, खरी चव निवल्यावर कळते. आमचे कार्यक्रमप्रमुख निखिल मूळचे पुण्याचे. त्यांना हा दुसरा फोन म्हणजे म्हातारीचं खूळ वाटायचं, पण मला काढून टाकण्याइतका राग त्यांना कधी आला नाही.

बहुतेक फोन गोडच व्हायचे. नाव-नंबर घरचेच द्यायचे. मेहुण्याला मेहुणा फसवी, विहिणीला विहीण. बाळापूरला एक टेलर होते, सगळा गाव त्यांना मास्टर म्हणायचा. त्यांच्या जावयानं नंबर दिला. मंगेश रडवेला होऊन म्हणाला, “मास्टर, तुमी शिवलेली शेरवानी बकरीनं खाल्ली. परवा निकाह हाय. काय करू?”

मास्टर शांतपणे म्हणाले, “बकरी को दुकान पे लेके आव.”

“बकरीले काहून?”

“शेरवानी अब उसके अंदर है ना? नाप उसीका लेना पडेंगा.”

मंगेशलाच हसू फुटलं. मास्टरांनी त्याचा आवाज पहिल्या शब्दालाच ओळखला होता. मी परवानगी विचारली तर म्हणाले, “बजाव बाई, बिनधास बजाव. पर दुकान का पता पूरा बोलना.” दुसऱ्या दिवशीच्या फोनलाही तेच उत्तर. असा पक्का हो मिळाला की माझा दिवस चांगला जायचा.

पण ती वर्षं वऱ्हाडात चांगली नव्हती. कुठल्या गावात कुठल्या शेतकऱ्याचं काय झालं याच्या बातम्या रोज असत. बाहेरचे लोक कॅमेरे घेऊन येत आणि कोणाच्याही दारात उभे राहत. आमच्या भागात फोन वाजला की माणूस आधी दचकायचा, मग उचलायचा. त्या दिवसांत फोनवरून थट्टा करायची म्हणजे हात राखूनच करावी लागे. म्हणून आम्ही चार गोष्टी वर्ज्य केल्या होत्या. पोलीस, दवाखाना, बँक आणि मरण. पोलीस कायद्यानं वर्ज्य, उरलेल्या तिन्ही आमच्या आम्ही.

एकदा निखिलनी एक नवी कल्पना कागदावर लिहून आणली. शेतकऱ्याला फोन करून सांगायचं, तुमची सरकारी मदत मंजूर झाली, पेढे वाटा. त्यांचं म्हणणं, यात वाईट काय? बातमी तर आनंदाचीच आहे. मी काही बोलायच्या आतच मंगेश म्हणाला, “सर, हा फोन माह्या बापानं उचलला तर?” त्याचे वडील बाळापूरच्या पुढे एका खेड्यात शेती करत होते. निखिलनी तो कागद स्वतःच्या हातानं फाडला. पुण्याचा असला तरी माणूस चांगला होता. त्या दिवसापासून पाचवी गोष्ट वर्ज्य झाली. ज्या बातमीची कोणी खरंच वाट पाहत बसलेला असेल, ती खोटी सांगायची नाही.

नामदेवरावांच्या बाबतीत आम्ही नेमका हाच नियम मोडला, आणि मोडतोय हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

नामदेवराव अमरावतीचे फुलवाले. नवरदेवाचे सेहरे आणि घोडीचे हार ही त्यांची खासियत. वय साठीला टेकलेलं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन मुलं, सुना. नंबर दिला त्यांच्या भाच्यानं, गजूनं. त्याचं दुकान त्यांच्या शेजारीच. मंगेशनं घोडीवाल्याचं सोंग घेतलं. मी त्याच्या समोर हेडफोन लावून बसले होते.

“नामदेवराव काय? घोडीवाला बोलून राहिलो. घोडी आनली तुमच्या दारात.”

“हार पाह्यजे काय? वरात केवाची हाय?” ते धंद्याच्या आवाजात म्हणाले. घोडीवाल्यांचे फोन त्यांना रोजचेच.

“हार नाई. तुमी बसा घोडीवर. नवरदेव तुमीच हाय.”

इथे माणूस चिडतो, शिव्या घालतो, हे आम्हाला पाठ होतं. नामदेवराव चिडले नाहीत. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “तुले कोनं सांगतलं?”

मंगेश गमतीत होता. सुचलं तसं बोलला, “नवरीकडूनच आलो ना बाप्पा.”

“सुमननं धाडलं तुले? काहून पन? आमचं तं ठरलं होतं का कोनाले सांगाचं नाई. तिचं पोरगं हाय मोर्शीले, माह्या पोरायले मालूम नाई अजून. गुपचूप रजिस्टर कराचं अन् घरी याचं.” आणि मग, अगदी लहान मुलानं विचारावं तसं, “घोडी पांढरी हाय काय?”

काचेपलीकडे पोरं हसून लोटपोट झाली होती. मंगेश हसत नव्हता. नामदेवराव बोलतच होते, “नाई, इचारलं आपलं. सारा जनम दुसऱ्याच्या घोडीले हार घातले. माह्या लग्नात घोडी नोती, बसलो पायी जाऊन मांडवात. तू थांब. मी कापडं बदलून येतो. बाजा नको पन.”

मंगेशनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं नाव सांगितलं, रेडिओ सांगितला. नामदेवराव म्हणाले, “म्हंजे हे साऱ्यायनं आयकलं?”

मी घाईनं फोन घेतला. “नाही दादा. अजून कोणीही ऐकलेलं नाही. तुम्ही हो म्हणाल तरच ऐकतील.”

“बाई, मले हसा. माहं काय जाते? पन तिचं नाव काढून टाका.”

निखिलच्या दृष्टीनं हे झालं काम. माणूस स्वतः म्हणतो, मला हसा. नाव कापलं, मोर्शी कापलं, घोडी ठेवली. आणि खरं सांगते, इतका सुंदर फोन आमच्याकडे त्याआधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. कागदोपत्री त्यांचं बरोबरच होतं. ज्याला फोन केला त्याची परवानगी लागते. जिचं नुसतं नाव निघालं, तिला विचारा असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, पक्का हो येऊ द्या. पण संध्याकाळपासून रेडिओवर घोडीच्या खिंकाळण्यासकट जाहिरात सुरू झाली, ‘उद्या सकाळी ऐका, साठीतल्या नवरदेवाची वरात!’

मी त्या रात्री नीट झोपले नाही, आणि पहाटे नामदेवरावांना फोन लावला. ते फूलबाजारात होते. मागे लिलावाचा गलका. म्हणाले, “बाई, नाव काढलं तरी मोर्शीहून अमरावतीले झेंडू आननारी बाई एकच हाय. माहा आवाज सारा बजार ओयखते. अन् मी कोनाच्या मालाची तारीफ करतो, हेही बजार ओयखते.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सुमनबाईंच्या यजमानांच्या मागे संत्र्याची बाग वाळली. ती तोडून त्या जागी बाईंनी झेंडू आणि शेवंती लावली आणि एकटीनं पोराला वाढवलं. रोज दुपारच्या एस.टी.नं माल घेऊन यायच्या. कितीतरी वर्षं दोघांचं बोलणं फुलांपुरतंच होतं. लग्नाला त्यांनी होकार दिला होता, पण आधी पोराला आपल्या तोंडानं सांगीन, मगच, असं म्हणून. “त्यानं रेडिओवर आयकलं तं ती येनार नाई, बाई. मंग काई कोनी तिले आनू शकत नाई.”

एका माणसाचं उरलेलं आयुष्य आमच्या सकाळच्या हसण्यावर लटकलं होतं. मी म्हटलं, “दादा, फोन ठेवायच्या आत मी ते मिटवते.” आणि तिथेच, त्यांना ऐकू जाईल असं टिकटिक करत, रेकॉर्डिंग कायमचं मिटवलं. एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की लाइनवर कानावर पडलेलं लाइनवरच सोडायचं. तेवढं मला येत होतं.

आता प्रश्न मंगेशचा. कार्यक्रम सुरू व्हायला थोडाच वेळ होता आणि सगळं शहर वरातीची वाट पाहत होतं. मी त्याला सांगितलं, रेकॉर्डिंग मिटवलं. त्यानं डोकं खाजवलं, माइक सुरू केला आणि म्हणाला, “मंडळी, घात झाला. घोडी सुटून पळाली. कोनाले दिसली तं कळवा.”

आणि फोन सुरू झाले! मूर्तिजापूरच्या स्टेशनावर घोडी तिकिटाच्या रांगेत उभी आहे. बाळापूरच्या किल्ल्यात शिरली आहे. भातकुलीहून एक आजी म्हणाल्या, “माह्या वावरात चरून राहिली, हरभरा खाऊन गेली, आता नवरदेवालेच धाडा राखन कराले.” बाळापूरच्या मास्टरांनीही फोन करून विचारलं, घोडी का नाप किसीने लिया क्या? कोणालाही फसवलेलं नव्हतं. लोक आपण होऊन आले होते आणि आपण होऊनच थापा मारत होते. निखिल मला झापायला म्हणून माझ्या टेबलाशी आले होते. ते तिथेच उभे राहून ऐकत राहिले आणि झापायचं विसरले. गजू मात्र चार-पाच दिवस पाठ सोडेना, “काकू, मामा फसला का?” मी त्याला एक्स्चेंजमधलं जुनं वाक्य ऐकवलं, “लाइन मिळाली नाही.”

तुळशीची लग्नं लागून गेल्यावर एका दुपारी नामदेवराव अकोल्याला आमच्या स्टेशनात आले. सोबत हिरव्या लुगड्यातल्या बारीक अंगाच्या बाई, हातात झेंडूनं भरलेली पिशवी. लग्न झालं होतं. मोर्शीच्या मुलानं आईचं ऐकून घेतलं आणि साक्षीदार म्हणून सहीही केली. नामदेवरावांची मुलं दोन दिवस घुम्यासारखी वागली, मग धाकटी सून म्हणाली की घरात बोलायला बाईमाणूस आलं ते बरंच झालं, आणि प्रश्न मिटला.

“आता वाजवा,” नामदेवराव ऐटीत म्हणाले. “आता आपली परवानगी हाय.”

“दादा, ते तर मिटवलं. तुम्ही फोनवर असतानाच.”

ते हिरमुसले. त्यांना वाटलं होतं, मोठ्या ऑफिसात एखादी प्रत राहतेच. पण सुमनबाई खुर्चीत पुढे सरकल्या. “खरंच मिटवलं?”

“खरंच.”

“माह्या डोक्शावर हात ठेवून सांगा.”

मी उठून हात ठेवला. त्यांनी मोठा श्वास सोडला. “फोनवर माहं नाव निंगालं, एवढंच यायनं सांगतलं होतं. तवापासून रोज सकाळी फुलं तोडताना तुमचा कारेक्रम लावून ठेवतो. माहं नाव येते काय, माहं नाव येते काय. त्या दिवशी घोडी पळाली म्हनले, तवा मी वावरात खाली बसून हसलो. पन पळालेली घोडी वापसही येते ना, बाई. म्हनून रोज आयकत होतो. लग्नाच्या दिवशीबी आयकून मंगच निंगालो.”

आम्हाला वाटत होतं, आमचा कार्यक्रम म्हणजे लोकांच्या सकाळचा आनंद. त्या बाईनं तो रोज जीव मुठीत धरून ऐकला होता. मिटवल्याचं तिलाही कळवावं, हे मला सुचलंच नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, “पन हे फोनवर काय बोलले होते? सांगतच नाईत.”

मी नामदेवरावांकडे पाहिलं. “सांगू?” ते लाजून खिडकीबाहेर बघायला लागले. मग मान हलवली. हा हो कच्चा की पक्का, ते तपासायला दुसरा दिवस नव्हता. मी सांगितलं, “घोडी पांढरी आहे का, असं विचारलं त्यांनी. आणि कपडे बदलून येतो म्हणाले.”

सुमनबाई तोंडाला पदर लावून हसल्या, हसता हसता डोळे पुसू लागल्या. “मंग सांगाचं नाई काय मले? गुपचूप कराचं म्हनलं होतं, पायी चाला असं थोडीच म्हनलं होतं.”

मंगेश मधेच कुठे गायब झाला, ते मला समजलं नाही. चहा होईपर्यंत तो धापा टाकत आला आणि दारातूनच म्हणाला, “नामदेवराव, घोडी आनली. खाली उभी हाय.”

नामदेवरावांनी बशीतला चहा शांतपणे संपवला. “एक डाव फसलो बापू. आता नाई.”

खालून खिंकाळण्याचा आवाज आला. “हेबी मशीनवरचंच हाय,” ते म्हणाले. शेवटी सुमनबाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं आणि त्यांचा हात धरून त्यांना खाली नेलं. मागोमाग अख्खं स्टेशन.

दारात खरीखुरी घोडी उभी होती. मंगेशच्या ओळखीचा घोडीवाला, दुपारी रिकामा. नामदेवराव तिच्याभोवती एक फेरी फिरले आणि त्यांची नजर गळ्यातल्या हारावर गेली. आदल्या रात्रीच्या वरातीचा, सुकलेला. “हा हार कोनं केला? गाठ ढिली हाय,” ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. तो हार त्यांनी काढून टाकला. खिशातून सुईदोरा निघाला, सुमनबाईंच्या पिशवीतला झेंडू निघाला, आणि पायरीवर बसून त्यांनी बघता बघता नवा हार ओवला. हार घोडीच्या गळ्यात पडला तेव्हा कुठे ते वर बसले. लगाम घोडीवाल्याच्या हातून सुमनबाईंनी घेतला. “बसा नीट. मी धरतो.”

मंगेशच्या हातात रेकॉर्डर होता. मी डोळे वटारले. “नाई काकू, बंद हाय,” तो म्हणाला आणि खिशात टाकला. वरात आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. बाजा नव्हता.

पुढे काही वर्षांनी स्टेशनला माझी गरज उरली नाही. आता जो तो मोबाइल घेऊन भररस्त्यात कोणालाही फसवतो आणि त्याच मिनिटाला सगळ्या जगाला दाखवतो. विचारणारं कोणी नाही, याचं मला वाईट वाटतं. कधी कधी वाटतं, अजूनही कोणी बोलावलं तर मी फक्त तेवढ्या एका फोनसाठी कामावर जाईन.

हे लिहायच्या आधी मी नामदेवराव आणि सुमनबाईंना फोन केला. नावं बदलीन म्हणून सांगितलं. दोघंही हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा केला. सुमनबाई म्हणाल्या, लिहा, आता कोनाले भेवाचं? नामदेवराव मात्र म्हणाले, “लिहा बाई. पन घोडी पांढरी होती असं लिहाल तं.”

घोडीचा रंग मला आजही लख्ख आठवतो. पण परवानगी या अटीवर मिळाली आहे, आणि पक्की आहे.

घोडी पांढरी होती.